कावेरीकाठावरून आजचा मराठी सिनेमा

नीडामंगलम हे तंजावरहून तिरुवारूरकडे जाताना लागणारं गाव. तंजावरच्या प्रतापसिंह राजांच्या राणी यमुनाबाई यांच्या नावाने इथे छत्र, म्हणजे प्रवाशांसाठी धर्मशाळा, उभं राहिलं आणि गावाला यमुनांबाळपुरम म्हणू लागले. २०२४ मध्ये सी. प्रेमकुमार यांचा 'मेय्यळगन' हा तमिळ सिनेमा आला. तंजावरचं घर सोडून गेलेला माणूस कित्येक वर्षांनी बहिणीच्या लग्नासाठी नीडामंगलमला येतो आणि एका रात्रीत आपल्या माणसांना नव्याने ओळखतो, एवढीच त्याची गोष्ट. कुंभकोणमच्या थिएटरात तो पाहताना माझ्या पुढच्या रांगेतलं कुटुंब आपापसात मराठी बोलत होतं. गाव त्यांचं होतं, पडद्यावरची तमिळही त्यांच्या रोजच्या व्यवहारातली होती. फक्त घरात बोलतात ती भाषा त्या पडद्यावर नव्हती, आणि जिथे ती असते तो मराठी सिनेमा या भागात लागलेला मी पाहिलेला नाही.

मी मूळची कोल्हापूरकडची. नोकरीमुळे कुंभकोणमला राहते. पापनाशम, तिरुविसनल्लूर, मन्नारगुडी इथल्या ओळखीच्या मराठी घरांमध्ये जमेल तेव्हा आम्ही एकत्र बसून मराठी सिनेमे पाहतो. आजच्या मराठी सिनेमाबद्दल मी जे म्हणणार आहे ते या बैठकांतून तयार झालेलं आहे. पुण्यात किंवा मुंबईत बसून पाहिले असते तर हेच सिनेमे मला वेगळे दिसले असते.

इथल्या मराठी घरांची थोडी ओळख करून द्यायला हवी. १६७६ मध्ये व्यंकोजी राजे तंजावरच्या गादीवर आले आणि १८५५ पर्यंत भोसल्यांचं राज्य टिकलं. त्या काळात आलेल्या मराठा आणि देशस्थ घरांचे वंशज आजही या खेड्यांमधून आहेत. घरात मराठी बोलतात, पण बहुतेकांना देवनागरी वाचता येत नाही. लिहायची वेळ आली तर मराठी तमिळ लिपीत लिहितात. तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर १८०३ मध्ये कोरलेला भोसले वंशाचा भलामोठा मराठी शिलालेख त्यांच्या पूर्वजांच्या राज्याचा आहे, आणि त्यांच्यातल्या बहुतेकांना तो वाचता येत नाही. त्यामुळे मराठी वाचनाशी त्यांचं नातं तुटलं तरी मराठी ऐकण्याशी तुटलेलं नाही. अशा माणसांसाठी सिनेमा पुस्तकापेक्षा किती जवळचा ठरू शकतो, याचा विचार आपल्याकडे कुणी केल्याचं मला दिसलं नाही.

मराठी सिनेमाच्या नव्या पर्वाची सुरुवात सगळे संदीप सावंत यांच्या 'श्वास'पासून धरतात, आणि ते बरोबरच आहे. 'श्यामची आई'नंतर पन्नास वर्षांनी राष्ट्रीय पुरस्कारांतलं सुवर्णकमळ मराठीकडे आलं. पण पुरस्कारापेक्षा मोठी गोष्ट म्हणजे त्यानंतर आलेल्या दिग्दर्शकांनी गाव खऱ्या अर्थाने पाहायला सुरुवात केली. मंगेश हाडवळे यांचा 'टिंग्या', उमेश कुलकर्णी यांचे 'वळू', 'विहीर' आणि 'देऊळ', सतीश मनवर यांचा 'गाभ्रीचा पाऊस', राजीव पाटील यांचा 'जोगवा', मकरंद माने यांचा 'रिंगण'. यातलं गाव तमाशाच्या फडासाठी किंवा पाटलाच्या वाड्यासाठी उभारलेलं नाही. तिथे शेत आहे, कर्ज आहे, जनावर आहे, पाऊस आहे किंवा नाही.

'गाभ्रीचा पाऊस' आम्ही पापनाशमजवळच्या एका शेतकरी घरात पाहिला. विदर्भातला कापूस उत्पादक किसना आत्महत्या करेल या भीतीने त्याची बायको त्याच्यावर पाळत ठेवते, मुलाला त्याच्या मागे पाठवते. गिरीश कुलकर्णी आणि सोनाली कुलकर्णी या दोघांनी ते भय इतकं साधं ठेवलं आहे की पाहणाऱ्यालाही तिच्याबरोबर दाराकडे लक्ष ठेवावं लागतं. इथे पीक भाताचं. १२ जूनला मेट्टूर धरणाचे दरवाजे उघडायची रीत, त्या पाण्यावर आधी कुरुवै, मग सांबा हे भाताचे हंगाम. कालव्याच्या शेवटच्या टोकाला असलेल्या गावांपर्यंत पाणी पोचेल की नाही, ही दरवर्षीची धास्ती. ज्यांच्या घरी बसलो होतो त्या आजोबांनी कापसाचं शेत जन्मात पाहिलेलं नव्हतं. तरी किसना आभाळाकडे बघतो तेव्हा ते हळू आवाजात म्हणाले, "आम्ही कर्नाटकाकडे बघतो, हा वर बघतो." विदर्भातल्या कोरडवाहू शेतीची गोष्ट कावेरीच्या पाटपाण्यावरच्या माणसाला मधे कुणी समजावून न देता पोचली. एम. मणिकंदन यांचा 'कडैसी विवसायी' त्यांनी पाहिला होता. त्यातला म्हातारा शेतकरी आणि किसना एकमेकांना ओळखतील, असं ते म्हणाले. मराठी सिनेमाबद्दल इतकं नेमकं वाक्य मी कुठल्या परीक्षणात वाचलेलं नाही.

'गोदावरी'चंही तसंच झालं. निखिल महाजन यांना या सिनेमासाठी दिग्दर्शनाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. नाशिकच्या घाटावर भाडी वसूल करत फिरणारा, नदीवर चिडलेला निशिकांत जितेंद्र जोशी यांनी फार मनापासून उभा केला आहे. नाशिकला बारा वर्षांनी सिंहस्थ, कुंभकोणमला बारा वर्षांनी महामहम. नदीला आई म्हणायचं आणि तिच्यात घाण सोडायची, हा अनुभव दोन्हीकडचा. मला स्वतःला हा सिनेमा मधे थोडा लांबलेला वाटतो. इथल्या प्रेक्षकांना तो अजिबात लांबलेला वाटला नाही.

नागराज मंजुळे यांच्याबद्दल महाराष्ट्रात भरपूर लिहिलं गेलं आहे, म्हणून मी इथे काय जाणवलं तेवढंच सांगते. 'फँड्री'तला तो प्रसंग आठवा: डुक्कर पकडण्याची धावपळ चालू असताना शाळेतून राष्ट्रगीत ऐकू येतं आणि जब्याचं सगळं कुटुंब जागच्या जागी ताठ उभं राहतं. महाराष्ट्रातल्या थिएटरात इथे हशा येतो, मग लोक दचकून गप्प होतात. मन्नारगुडीला पहिल्यापासूनच कुणी हसलं नाही. २५ डिसेंबर १९६८ रोजी कीळवेणमणी या गावात ४४ दलित शेतमजूर, बायका आणि मुलं एका झोपडीत जाळली गेली, ते गाव तेव्हाच्या तंजावर जिल्ह्यातलंच. मजुरीत थोड्या भाताची वाढ मागितली म्हणून हे घडलं. त्यावर इंदिरा पार्थसारथी यांनी कादंबरी लिहिली आणि तिच्यावर १९८३ मध्ये श्रीधर राजन यांनी 'कण् सिवंदाल् मण् सिवक्कुम' हा सिनेमा केला. या जमिनीवर जात आणि शेत यांचं नातं काय असतं हे इथल्या माणसाला शिकवावं लागत नाही. जब्याने शेवटी भिरकावलेला दगड इथेही लागतो. मराठी घरातल्या प्रेक्षकांनाही लागतो, कारण त्यांच्यातले पुष्कळजण पिढ्यानपिढ्या जमिनीच्या मालकीच्या बाजूचे आहेत. त्या संध्याकाळी जेवायला बसल्यावरही बोलणं त्याच विषयावर चालू राहिलं, आणि ते सोपं नव्हतं.

'सैराट'चा उत्तरार्ध मला इथे आल्यावर जास्त कळला. आर्ची आणि परश्या हैदराबादला पळून जातात. मराठी मुलगी तेलुगू शहरात, झोपडपट्टीत, तिथली भाषा शब्द-शब्द शिकत संसार उभा करते. पूर्वार्धातल्या गाण्यांनी आणि बाभळीच्या झाडांनी भारावलेल्या लोकांनी हा भाग संथ म्हणून बाजूला सारला. मला तो त्या सिनेमाचा गाभा वाटतो. परक्या भाषेत मराठी माणूस कसा जगतो हे इतक्या धीराने दाखवणारे मराठी सिनेमे फार थोडे आहेत. परमुलखातल्या भाषेत कित्येक पिढ्या काढलेल्या माणसांनी तो भाग डोळे न हलवता पाहिला.

शहरी कौटुंबिक सिनेमाबद्दल फार लिहावंसं वाटत नाही. हेमंत ढोमे यांचा 'झिम्मा' आणि केदार शिंदे यांचा 'बाईपण भारी देवा' यांनी बायकांना थिएटरात परत आणलं, ही मोठी कामगिरी आहे आणि तिचं मोल मी कमी करणार नाही. राजेश मापुसकर यांचा 'व्हेंटिलेटर' यातला सगळ्यात चांगला. इस्पितळाच्या व्हरांड्यात जमलेला तो गोतावळा तमिळ घरातही जसाच्या तसा आहे. पण या प्रकारातले पुष्कळ सिनेमे मालिकेच्या चालीने चालतात. सगळं बोलून दाखवतात, पार्श्वसंगीताने रडायची सूचना देतात. भाषा अर्धवट कळणाऱ्या प्रेक्षकासमोर हे लगेच उघडं पडतं. संवाद काढून घेतला की हातात फारसं उरत नाही.

याउलट अविनाश अरुण यांचा 'किल्ला'. वडील गेलेले, आईची बदली झालेली, कोकणातल्या गावात नवी शाळा, नवे मित्र, पाऊस आणि समुद्र. बर्लिनला या सिनेमाला मुलांच्या ज्युरीने पुरस्कार दिला, तो मुलांनीच द्यायला हवा होता. तिरुविसनल्लूरला आम्ही तो पाहिला तेव्हा उपशीर्षकं कुणी वाचली नाहीत. जयंत सोमलकर यांचा 'स्थळ' तर पाहताना बायका मधेच बोलायला लागल्या. चंद्रपूर जिल्ह्यातल्या डोंगरगावची सविता पाहुण्यांसमोर पाटावर बसते, तेच ते प्रश्न, उंची किती, रंग कसा, शेतातलं काम येतं का. प्रत्येक वेळी तेच, आणि कॅमेरा तिथून हलत नाही. इथे मुलगी पाहायला येतात तेव्हा सोज्जी आणि बज्जी असते, तिथे पोहे असतात, एवढाच फरक, असं एकजण म्हणाली. या सिनेमातली बहुतेक माणसं आधी कधी कॅमेऱ्यासमोर उभी राहिलेली नव्हती. ते अवघडलेपण दिग्दर्शकाने जपून वापरलं आहे.

रोहन कानवडे यांच्या 'साबर बोंडं'ला २०२५ मध्ये सनडान्सला जागतिक विभागाचा सर्वोच्च पुरस्कार मिळाला. वडिलांच्या दहा दिवसांच्या सुतकासाठी शहरातून गावी आलेला आनंद आणि गावातला बाळ्या यांच्यातलं प्रेम त्याने दाखवलं आहे, आणि नातेवाइकांच्या गर्दीत, लग्न कधी करणार या प्रश्नांच्या माऱ्यात दाखवलं आहे. माझ्या मते गेल्या काही वर्षांतला हा सर्वांत धीट मराठी सिनेमा, आणि धीट असूनही त्यात कुठे आवाज चढत नाही. चैतन्य ताम्हाणे यांचे 'कोर्ट' आणि 'द डिसायपल' मी त्याच्या बरोबरीने ठेवते. 'द डिसायपल' मी तंजावर भागातल्या संगीतप्रेमी मंडळींना दाखवला तेव्हा अपेक्षेपेक्षा फार जास्त पटला. साधना करूनही कला हाताशी न येणं, हे दुःख कर्नाटक संगीताच्या या माहेरघरात कुणाला अपरिचित नाही.

संगीत आणि नाटक या बाबतीत मराठी सिनेमाची या भागाशी नाळ जुळायला हवी होती. 'नटरंग', 'बालगंधर्व', 'नटसम्राट', 'कट्यार काळजात घुसली' हे रंगभूमीशी जोडलेले सिनेमे आपण डोक्यावर घेतले. 'कट्यार'मधले पंडितजी तर चेंबूरला वाढलेल्या तमिळ घरातल्या शंकर महादेवन यांनी उभे केले. २०२५ मध्ये दिलीप प्रभावळकरांची भूमिका असलेल्या 'दशावतार'ने कोकणातल्या खेळाला पडद्यावर आणलं. हे सगळं चांगलंच आहे. पण मराठी रंगभूमीचा इतिहास आपण १८४३ च्या सांगलीपासून मोजतो. त्याआधी दीडशे वर्षं तंजावरला व्यंकोजींचे पुत्र शहाजी राजे मराठीत नाटकं लिहीत होते. 'लक्ष्मीनारायण कल्याण' हे त्यातलंच. दुसऱ्या सरफोजींनी कुरवंजी हा अस्सल तमिळ नृत्यप्रकार उचलला आणि त्यात मराठीतून जगाचा भूगोल सांगितला. शेजाऱ्याकडची कला घेऊन आपल्या भाषेत नवीन काही सांगायचं, हे धाडस त्या मराठीत होतं. आजचा मराठी सिनेमा दक्षिणेकडून बहुतेक वेळा तयार कथाच आणतो. 'काका मुट्टै'वरून 'हाफ तिकीट' झाला, 'मजिली'वरून 'वेड' झाला. समित कक्कड यांचा 'हाफ तिकीट' मला आवडतो. पण कथा आणणं आणि कला आणणं यात अंतर आहे.

वाटपाची गोष्ट याहून दुखरी आहे. २०१५ मध्ये महाराष्ट्र सरकारने मल्टिप्लेक्सना मोक्याच्या वेळी मराठी सिनेमा लावणं बंधनकारक केलं, त्यावर केवढी चर्चा झाली. ती गरजेची होती. पण सगळी चर्चा राज्याच्या आत पडदा मिळण्यापुरतीच राहिली. बाहेरच्या मराठी माणसापर्यंत सिनेमा पोचवणं हा प्रश्नच कुणी मांडला नाही. १९३४ मध्ये प्रभात फिल्म कंपनीने 'सीता कल्याणम' हा तमिळ बोलपट काढला. राम झाले होते एस. राजम आणि संगीत होतं याच तंजावर मुलखातल्या पापनाशम शिवन यांचं. तमिळ बोलपट बाळसं धरत होता तेव्हा मराठी कंपनीने त्याला जागा दिली होती. आज एखाद्या मराठी सिनेमाला तमिळ उपशीर्षकंसुद्धा मिळत नाहीत. मोबाईलवर, घरच्या टीव्हीवर सगळं उपलब्ध आहे, पण उपशीर्षकं इंग्रजीत, आणि इथल्या आजींना इंग्रजी येत नाही. लाखो रुपये प्रसिद्धीवर खर्च करणाऱ्यांना तमिळ उपशीर्षकांचा खर्च जड नाही.

आणि हे फक्त मराठी घरांपुरतं नाही. कुंभकोणमच्या आसपास भजनं करणारी शेकडो तमिळ माणसं अभंग गातात. गोविंदपुरमला विठ्ठल-रखुमाईचं मोठं मंदिर आहे, तिथे गर्दी तमिळ भाविकांची असते. त्यांना अभंग पाठ आहेत, पण तुकोबांचं आयुष्य, देहू, इंद्रायणी त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं नाही. चंद्रकांत कुलकर्णी यांचा 'तुकाराम' तमिळ उपशीर्षकांसह इथे लावला तर सभागृह भरेल, याबद्दल मला शंका नाही. तयार प्रेक्षक बसून आहे आणि निर्मात्यांना त्याची कल्पना नाही.

आता ऐतिहासिक सिनेमांकडे येते, कारण माझं खरं गाऱ्हाणं तिथे आहे. 'फर्जंद', 'फत्तेशिकस्त', 'पावनखिंड', 'शेर शिवराज', 'सुभेदार' अशी मालिकाच दिग्पाल लांजेकर यांनी उभी केली. इतरांचेही आले. तंजावरच्या मराठी माणसांना हे सिनेमे सर्वांत जवळचे वाटतील असं कुणालाही वाटेल. शिवाजी महाराज त्यांच्या राजांचे थोरले बंधू. इथे तर तमिळ माणसांनाही हे नाव परकं नाही. अण्णादुराईंच्या नाटकात शिवाजीची भूमिका केली म्हणून गणेशन नावाच्या नटाला पेरियारांनी शिवाजी हे नाव दिलं आणि पुढे सारा तमिळनाडू त्याला त्याच नावाने ओळखू लागला. तरी माझ्या अनुभवात हे सिनेमे इथे सर्वांत कमी पोचतात. जड बोजड भाषा, घोषणा, संथ गतीत उडणाऱ्या तलवारी. माणसं बोलत नाहीत, भाषणं करतात. 'पावनखिंड'मधली बाजीप्रभूंची झुंज पाहून अंगावर शहारा येतो, ते मान्य. पण त्याआधी आणि नंतर महाराज माणूस म्हणून किती वेळ दिसतात? ज्यांचा अभिमान जागवायला हे सिनेमे बनवलेले आहेत त्यांना ते पुरे होत असतील. ज्याला महाराजांना भेटायचं आहे त्याला पुरत नाहीत.

आणि सगळे रायगड, सिंहगड, पन्हाळ्याभोवतीच फिरतात. १६७७ साली महाराज दक्षिणेत उतरले, तो अध्याय कुणी नीट हाताळलेला नाही. त्या जुलैत कोळ्ळिडम नदीच्या उत्तर काठावर तिरुमळवाडीला त्यांची आणि सावत्र भाऊ व्यंकोजी राजांची भेट झाली. वडिलांच्या दौलतीतला वाटा हा विषय. काही दिवस एकत्र गेले, बोलणी तुटली, आणि व्यंकोजी राजे रात्रीच्या रात्री नदी उतरून निघून गेले. पुढे लढाई झाली, व्यंकोजींचा पराभव झाला. मग तोडगा निघाला तो व्यंकोजींच्या पत्नी दीपाबाई यांच्या शहाणपणाने. महाराजांनी तहात बंगळूर, होसकोटे वगैरे मुलूख त्यांना चोळीबांगडीसाठी म्हणून वेगळा दिला. दोन भाऊ, एक गेलेला बाप, एक नदी, आणि दोघांच्या मधे उभी राहिलेली एक कर्ती बाई. यात खलनायक कुणीच नाही, म्हणूनच बहुधा कुणी हात लावत नाही. अफजलखानाचा कोथळा दाखवणं सोपं आहे. धाकट्या भावावर रागावलेला, दुखावलेला, तरी त्याला सांभाळून घेणारा राजा दाखवायला लेखक हवा.

असा सिनेमा कुणी केलाच तर तो फक्त मराठीत बोलू नये. तंजावरच्या दरबारात मराठी, तेलुगू, तमिळ, हिंदी, संस्कृत सगळ्या भाषा नांदत होत्या. व्यंकोजींच्या मुलाने, त्याच शहाजी राजांनी, 'पंचभाषाविलास' नावाचं नाटक लिहिलं, त्यात पात्रं आपापल्या भाषेत बोलतात. दीपाबाई दासीशी तमिळमध्ये बोलतील, कारभाऱ्यांशी मराठीत, दरबारी कवीशी तेलुगूत. तिरुमळवाडीचं देऊळ आहे, कोळ्ळिडमचं वाळूचं रुंद पात्र आहे, भोसल्यांचा राजवाडा आहे, सरस्वती महाल ग्रंथालयात मोडी कागदांचे रुमाल आहेत. घरात मराठी आणि बाहेर तमिळ बोलणारी माणसंही इथल्या खेड्यांमधून आहेत, त्यांना संवाद शिकवायला लागणार नाहीत.